दुधाचा दात आणि बुडालेला रोज



कोळसा, कागद आणि सिमेंट यांच्या या जिल्ह्यात कामगार चळवळीतल्या माणसाने मुलांच्या दातांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मूल रात्रभर रडले की सकाळची पाळी चुकते, आणि पाळी चुकली की रोज बुडतो. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे.

‘दुधाचा दात, पडणारच आहे,’ असे आपण सहज म्हणतो. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाला लागतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्या दाढांच्या मागे आणखी एक दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते. गेली की दुसरी नाही.

दातात अळी असते आणि धुरी दिली की ती पडते, ही समजूत अजून गेलेली नाही. अळीबिळी काही नसते. गोड खाण्यावर सूक्ष्म जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दाताचे कवच विरघळते. खड्डा खोल गेला की आतली नस सुजते व ठणका लागतो. मग एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. घरच्यांना वाटते, बरे झाले. वास्तविक नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरू लागतो. गोळ्यांनी सूज उतरते, मूळ तसेच राहते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लवकर गेल्यास उपाय सोपा आहे. टांझानियात १९८० च्या दशकात केवळ हाताच्या हत्यारांनी कीड काढून दंतसिमेंट भरण्याची पद्धत निघाली. तिला वीज लागत नाही. दुसरा उपाय चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध लावण्याचा. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण बहुधा कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या दोन्ही वस्तू आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या. आपल्याकडील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, म्हणून या औषधाला भिऊ नये; वर्षानुवर्षे पोटात जाणारे पाणी वेगळे आणि डॉक्टरने दातावर लावलेला थेंब वेगळा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. किडके दात तीत येतात. पण हाती आलेली चिठ्ठी घेऊन शहर गाठायचे, तर कंत्राटी मजुराचे एका दातापायी दोन-तीन रोज बुडतात. चिठ्ठी खुंटीलाच राहते. याला मी आईबापांची बेपर्वाई म्हणणार नाही. म्हणून मागण्या दोन: तपासणी होते त्याच गावात दात भरले जावेत, आणि मुलाच्या उपचाराच्या दिवसाची भरपगारी रजा कंत्राटात लिहिली जावी.

मागण्या मान्य होईपर्यंत मात्र दात थांबत नाहीत. दुखऱ्या दातावर तंबाखू वा गुल लावू नका. सकाळी आणि निजताना फ्लोराइडच्या पेस्टने मुलाचे दात स्वतः घासून द्या. आणि आज घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात त्याच्या मागच्या दाढा एकदा पाहा.