एका शब्दाची घटनादुरुस्ती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात रविवार, दि. २९ डिसेंबर २०२४ रोजी केलेले भाषण. वक्ते १९७९ च्या दहावीच्या तुकडीचे विद्यार्थी, निवृत्त ग्रामसेवक.)



संयोजकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "राज्यघटनेला पंच्याहत्तर वर्षं झाली, दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, आपल्या तुकडीत दोन वकील आहेत, त्यांना सांगा. ते म्हणाले, "वकील तासभर बोलतील." म्हणून मी उभा आहे. नागरिकशास्त्राच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, त्या विषयात मी काठावर पास झालो होतो, हे तुम्हाला आठवत असेल. आज पुन्हा तोंडी परीक्षा समजा.

माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून गेली, कधी खटाव तालुक्यात, तर कधी आटपाडी तालुक्यात. आता एक तालुका साताऱ्यात आणि दुसरा सांगलीत, पण स्वातंत्र्यापूर्वी औंध आणि आटपाडी एकाच संस्थानात होते. ७२ गावांचं औंध संस्थान. त्या गावांत जुनी माणसं एक गोष्ट सांगायची. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपला अधिकार स्वतःहून प्रजेला देऊन टाकला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने घटनेचा मसुदा झाला आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधची घटना लागू झाली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची पंचायत आणि तिथून संस्थानचं विधिमंडळ. म्हणजे सत्ता खालून वर जाणार. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची खुली वसाहत, तीही त्याच काळातली. तिच्यावरून 'दो आँखें बारह हाथ' निघाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग नऊ वर्षांत संपला.

आता दुसरी बाजू. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्याच्याच शाळेत शिकले, ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव तिथे दाखल झालं. गाव म्हणजे काय, हे त्यांनी सोसलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं की घटनेचा पाया गाव नव्हे, व्यक्ती असेल. पुढे चर्चेतून ग्रामपंचायतींचं कलम ४० आलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे चांगली इच्छा, सक्ती नाही. सक्ती यायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती लागली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली.

मी ती दुरुस्ती नोकरीत असताना वाचली, आणि निवृत्तीनंतर सावकाश पुन्हा वाचली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवाव्याच लागतील, असं घटना म्हणते. तिथे पळवाट नाही, म्हणून ते झालं. महाराष्ट्राने तर २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं. जिथे बायका चावडीची पायरी चढत नव्हत्या, तिथे मी महिला सरपंचांच्या हाताखाली काम केलं. पण गावाला अधिकार आणि पैसा देण्याच्या कलमात घटना म्हणते की विधिमंडळ असे अधिकार 'देऊ शकेल'. अकराव्या अनुसूचीत पाणी, रस्ते, शाळा असे २९ विषय लिहिले आहेत, पण द्यायचे की नाही ते राज्याच्या मर्जीवर. केरळने १९९६ पासून योजनेचा एक-तृतीयांशाहून अधिक निधी खाली दिला, कारण तिथल्या सरकारला द्यावासा वाटला. हक्क मर्जीवर असू नये.

म्हणून माझी पहिली सूचना एका शब्दाची. 'देऊ शकेल' काढा, 'देईल' लिहा.

दुसरी सूचना निवडणुकांची. घटना सांगते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आज डिसेंबर २०२४. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात, आणि कारभार प्रशासकाकडे. घटनेत एवढंच घाला की मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी जी रचना आणि जे आरक्षण असेल, त्यावरच निवडणूक होईल. वाद पुढच्या निवडणुकीसाठी चालू द्या.

तिसरी सूचना बाबासाहेबांची धास्ती लक्षात ठेवून. गावाला पाण्याचा, शाळेचा, रस्त्याचा अधिकार द्या. माणसावरचा अधिकार देऊ नका. कोणी कुणाशी लग्न करावं, कुठे राहावं, हे ठरवायला गाव बसता कामा नये. तो हक्क ज्याचा त्याचा, आणि तो घटनेनेच राखायचा.

तुम्ही म्हणाल, घटना बदलायला संसदेत दोन-तृतीयांश मतं लागतात, तुझं कोण ऐकतो? खरं आहे. पण आतापर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. एखादी नागरिकाने सुचवली तर बिघडलं कुठे?

आता शेवटचं, आणि हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

एका गावात पाण्याच्या टाकीची जागा ठरवायची होती. ग्रामसभेला कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. आले अकरा जण. सभा तहकूब करायला हवी होती. पण प्रस्ताव पाठवायची तारीख जवळ आली होती. मी शिपायाकडे रजिस्टर दिलं, त्याने घरोघर फिरून सह्या आणल्या, आणि मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. टाकी वरच्या आळीला झाली. खालच्या वस्तीत नळाला बारीक धार यायची, उन्हाळ्यात तीही नाही. तिथली एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊसाहेब, कागदावर माझा अंगठा हाय म्हणं. मला इचारलं कवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला मताचा अधिकार घटनेने दिला होता, ग्रामसभा कायद्याने दिली होती. ती हिरावून घेतली मी, एका ओळीने. दिल्लीतल्या कोणी नाही.

म्हणून माझी एक सूचना संसदेला नाही, आपल्याला आहे. आपल्यातले निम्मे पुण्या-मुंबईला असतात, पण मतदार यादीत नाव कुठे आहे ते एकदा बघा. ज्यांचं गावात आहे, त्यांनी २६ जानेवारीला यावं. झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन लगेच निघू नका. त्या दिवशी ग्रामसभा असते. बसा, रजिस्टर मागा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका. समोरचा ग्रामसेवक थोडा नाराज होईल. होऊ द्या.

बाई, वेळ संपली. मार्क काय द्यायचे ते द्या.