ज्वारीला रात्र मोजता येते



आपल्या बापजाद्यांची खरिपाची ज्वारी जूनअखेर पेरा की जुलैत, निसवायची जवळपास एकाच सुमाराला, पाऊस ओसरता ओसरता. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं. ते पेरणीपासून दिवस मोजतं. शंभर-सव्वाशे दिवसांच्या आतच कापणीला येतं. उत्पन्न वाढलं, हे आम्ही नाकारत नाही. पण दाणा भरतो तो भर सप्टेंबरात. पाऊस लागून राहिला की कणसावर बुरशी चढते. काळी ज्वारी घेऊन बाजारात उभं राहिल्यावर काय भाव मिळतो, ते इथं कुणाला सांगायला नको.

मग जुन्या ज्वारीला वेळ कळायची कशी? विदर्भात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. पाऊस कधीही येवो, हे गणित दरवर्षी तेच. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांच्याकडे तंबाखूचं एक वाण होतं. माणसापेक्षा उंच जायचं, पण उन्हाळाभर फुलायचं नाही. त्यांनी ती झाडं रोज दुपारनंतर अंधारात ठेवली आणि ती फुलली. १९२० साली त्यांनी हे छापलं. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर दाखवलं की झाड खरं मोजतं ती रात्र. लांब रात्रीच्या मध्यात मिनिटभर उजेड पडला तरी फूल थांबतं.

मोजतं पान, शेंडा नव्हे. रात्र पुरेशी लांबली की पानात एक प्रथिन तयार होतं, अन्नरसाच्या नळ्यांतून शेंड्याला पोचतं, आणि तोवर नुसती पानं काढणारा शेंडा कणीस धरतो. असा निरोप असला पाहिजे, हे सोव्हिएत रशियात चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं. निरोप्या सापडला, भातात आणि मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात, २००७ साली. सत्तर वर्षं लागली! आणि ज्याला मागासलेलं म्हणून हिणवलं ते आमचं बियाणं हा हिशेब मुकाट्यानं करत होतं.

(रानटी कपाशीही बहुतेक रात्र लांबल्यावरच फुलणारी. शेतातल्या कपाशीतून माणसानं तो गुण निवडून निवडून बराचसा घालवला.)

जुन्या वाणाचं सगळंच गोड नव्हतं. उंच वाढायचं, लोळायचं. पाऊस लवकर उघडला तर हलक्या रानात दाणाच भरायचा नाही. तिथं लवकर येणारं वाणच बरं. भारी, ओल धरणाऱ्या रानाचा विचार मात्र वेगळा. म्हणून बियाणं घेताना एवढं विचारा: पंधरा दिवस उशिरा पेरलं तर ही ज्वारी पंधरा दिवस उशिरा निसवते, की त्याच सुमाराला? उत्तर मिळालं नाही तर चार ओळी वेगवेगळ्या तारखांना पेरा, आणि निसवल्याची तारीख घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.