शाईची बाटली लावण्याआधी

आज आम्ही आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगणार आहोत. ती पैसे वाचवण्याची आहे, आणि पैसे वाचवायच्या घाईत आमचं काय झालं त्याचीही आहे.

आम्ही आठजणी. तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या बचत गटाचं छपाईचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, शाळेचे तक्ते, गाड्यांचे स्टिकर, लग्नाचे आणि यात्रेचे फलक आम्ही छापतो. मशीन जुनंच घेतलं, 54 इंच रुंदीचं, इको-सॉल्व्हंट शाईवर चालणारं. त्यात चार रंग: सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. प्रत्येक रंगाचं 440 मिलिलिटरचं एक कार्ट्रिज.

आता 440 मिलि म्हणजे किती? आमच्या वहीप्रमाणे भरगच्च रंगाच्या छपाईला चौरस मीटरमागे सगळे रंग मिळून साधारण 10 मिलि शाई लागते. म्हणजे 10 बाय 3 फुटांच्या एका फलकाला 25 ते 30 मिलि. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस फलक निघाले की शाई बघता बघता संपते. त्यातही लाल-गुलाबी रंगाची हौस आपल्याकडे जास्त, म्हणून मॅजेंटा सगळ्यात आधी संपतो.

एकदा यात्रेच्या आदल्या रात्री नऊ वाजता मॅजेंटा संपला. गावात मिळेना. जिल्ह्याच्या गावाहून एसटीच्या पार्सलने कार्ट्रिज यायला दुसऱ्या दिवशीचे अकरा वाजले. तोवर पालखी निघून गेली होती. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, आणि आम्हाला मागायला तोंडही नव्हतं.

त्यातच हिशेब ठेवणाऱ्या वहिनींना एक शंका आली. ‘संपलं’ म्हणून मशीनने नाकारलेलं कार्ट्रिज त्यांनी शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. मग ते कापून, आतली पिशवी पूर्ण रिकामी करून पुन्हा वजन केलं. आत शाई शिल्लक होती! मेकॅनिक दादांनी समजावलं, की आमच्या मशीनमध्ये कार्ट्रिजवरची चिप शाई मोजत नाही. मशीन किती थेंब उडाले ते मोजतं, चिपवरच्या आकड्यातून वजा करत जातं आणि आकडा संपला की थांबतं. आम्हाला वाटलं, ही तर फसवणूक. आपण पैसे भरलेली शाई आपल्यालाच वापरू देत नाहीत!

तेव्हाच बल्क इंकची गोष्ट कानावर आली. त्यात प्रत्येक रंगाची मोठी बाटली मशीनच्या बाजूला बसवतात. बाटलीतून नळीने शाई कार्ट्रिजच्याच आकाराच्या एका खोक्यात येते, तिथून मशीनच्या नळ्यांतून डॅम्परमध्ये आणि मग हेडमध्ये. लिटरच्या बाटलीतली शाई आम्हाला कार्ट्रिजच्या मानाने दर मिलिलिटरमागे निम्म्याहून कमी दरात पडत होती. वर बाटली चालू छपाईतही भरता येते. आम्ही बैठक घेतली, आठही जणींनी हात वर केले आणि सामान मागवलं.

चूक इथे झाली. मशीनच्या नळ्यांत जुनी शाई होती. ती वाया कशाला घालवायची म्हणून आम्ही नवी शाई तिच्या मागोमाग सोडली. दोन्ही इको-सॉल्व्हंटच, असा आमचा समज. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या पट्टीवर मॅजेंटाच्या रेषा तुटायला लागल्या. पाचव्या दिवशी अर्ध्या रेषा गायब. दादांनी डॅम्पर उघडला, तर आत शाई दुधावरच्या सायीसारखी घट्ट झालेली. दोन कंपन्यांच्या शाईतली द्रावणं वेगळी, रंग तरंगत ठेवणारी रसायनं वेगळी. ती एकमेकांत जमली नाहीत, की शाई फाटते.

हेड हा मशीनचा सगळ्यात महागडा भाग. नवं हेड घ्यायचं तर आमचे कर्जाचे हप्ते थांबले असते. दादांनी दोन दिवस क्लीनिंगचं पाणी मुरवत, सिरिंजने हलकेच सोडत हेड बरंचसं मोकळं केलं. काही छिद्रं मात्र कायमची बंद झाली. आजही आम्हाला मॅजेंटासाठी सावकाश, जास्त फेऱ्यांत छापावं लागतं. दोन महिने आम्ही घरी एक रुपया नेला नाही. कोणी कोणाला बोल लावला नाही, कारण हात आठही जणींचे वर होते.

तेव्हा मैत्रिणींनो, बदल करायचाच असेल तर आमच्या चुकीतून शिकून करा. आधी जुनी आणि नवी शाई थोडी थोडी एका काचेच्या बरणीत निम्मी-निम्मी मिसळा, झाकण लावा आणि आठवडाभर ठेवा. गुठळी दिसली, तळाला गाळ बसला, की समजा जमत नाही. बरणीत सगळं ठीक दिसलं तरी नळ्या धुवाच. हातातली कामं पुरी करा, जुनी शाई काढा, शाईला चालणारं क्लीनिंगचं द्रावण नळ्यांतून स्वच्छ येईपर्यंत सोडा. डॅम्पर जुने झाले असतील तर याच वेळी बदला. मग नवी शाई भरा आणि नळीत हवेचा एकही बुडबुडा राहिला नाही ना ते बघा.

बाटलीची उंची सांभाळा. सलाईनची बाटली वर-खाली केली की थेंबाचा वेग बदलतो, तसंच इथेही. फार उंच लावली तर शाई हेडमधून आपोआप ठिबकते. फार खाली लावली तर मोठ्या छपाईत कमी पडते आणि रंग मध्येच फिका होतो. बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच ती लावा.

रंग थोडे बदलतातच. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पाट्यांचे जुने नमुने जपून ठेवा आणि नव्या शाईचं कलर प्रोफाइल करून घ्या. नाहीतर मिठाईवाल्याचा केशरी रंग तुमच्याकडून विटकरी होऊन जायचा.

आणि त्या चिपची गोष्ट. तिला आम्ही फसवी म्हणत होतो, पण ती पहाराही करत होती. शाई खरोखर संपून हेडमध्ये हवा शिरण्याआधी ती मशीन थांबवायची. आता मशीनला बाटलीतलं काही दिसत नाही. बाटली कोरडी पडली तरी ते छापतच राहतं आणि हेड बिघडतं. म्हणून आमच्याकडे दर मोठ्या कामाआधी एकजण चारही बाटल्या पाहते आणि वहीत सही करते. झाकणाला त्याच रंगाची पट्टी चिकटवली आहे. भरताना दुसरीने शेजारी उभं राहून रंगाचं नाव मोठ्याने वाचायचं, हा नियम. यलोमध्ये ब्लॅक पडला तर मग काही करता येत नाही.

एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी. कार्ट्रिज बंद असतं, बाटली मात्र आपण हाताने भरतो. या शाईच्या नावात ‘इको’ असलं तरी तिची वाफ अंगाला चांगली नाही. आमच्यातली एकजण पोटुशी होती आणि भरताना तिला गरगरलं. त्या दिवसापासून खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट पंखा चालू, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. पोटुशी बाई असेल तर तिने कॉम्प्युटरवरचं काम करायचं, आणि तेही मशीनच्या खोलीत नाही. चहा बाहेर. ही शाई पेट घेते, म्हणून देवापुढचा दिवा आणि उदबत्तीसुद्धा आम्ही पुढच्या खोलीत नेली. सगळ्यात मोठ्या काकू आधी रुसल्या, मग म्हणाल्या, “देवाला काय, वारं लागलेलंच बरं.” वाया गेलेली शाई गटारात ओतत नाही, बंद कॅनमध्ये साठवतो आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे देतो.

मग सगळ्यांनी बाटली लावावी का? नाही. महिन्याला रंगामागे एकही कार्ट्रिज संपत नसेल तर कार्ट्रिजच बरं. उघडलेली शाई महिनोन्महिने पडून राहिली की तीही बिघडते. मशीन हमीच्या मुदतीत असेल तर हमीचे कागद आधी वाचा, दुसरी शाई वापरली की हमी बहुधा जाते. आमचं काम जास्त होतं, म्हणून बुडालेले पैसे सहा महिन्यांत निघाले.

गेल्या यात्रेच्या आदल्या रात्री मॅजेंटा पुन्हा तळाला गेला. वहिनींनी कपाटातली बाटली काढली, दुसरीने मोठ्याने नाव वाचलं, आणि छपाई न थांबता चालू राहिली. सकाळी पालखी निघाली तेव्हा फलक कमानीवर होता.

तुमच्या गावात कोणी असं मशीन चालवत असेल तर तिला हे जरूर सांगा. तिची बरणी आमच्याआधी भरू दे.