पैसा जातो कुठे, पोहोचतो कुणाला?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय ऐकावे, इतिहास ऐकावा, देशाच्या अर्थकारणाची चर्चा ऐकावी, असा आपला परिपाठ आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि धनादेशावर छापलेल्या अकरा अक्षरांविषयी. विषय रुक्ष वाटेल. परंतु मुलीच्या लग्नाचे पैसे, घराच्या खरेदीचा हप्ता, निवृत्तीनंतर हाती आलेली जन्माची पुंजी हे सारे आज या अकरा अक्षरांच्या आणि त्यांच्या शेजारच्या खातेक्रमांकाच्या भरवशावर या गावाहून त्या गावी जाते. ते सुखरूप जावे यासाठी पाठवणाऱ्याने काय जाणले पाहिजे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

परगावी पैसा पाठवण्याची अडचण आपल्याकडे जुनीच. रोकड घेऊन वाटेला लागावे तर लुटारूंचे भय. म्हणून सावकारांनी हुंडी काढली. त्या हुंडीत दोन गोष्टी मोठ्या शहाणपणाच्या होत्या. एक म्हणजे रक्कम नुसती लिहून भागत नसे. शंभर रुपये लिहिले की ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ असे पुन्हा लिहीत, म्हणजे कोणाला आकडा खोडून वाढवता येऊ नये. दुसरी म्हणजे हुंडी शहाजोग असेल तर तिचे पैसे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या माणसालाच द्यावयाचे, वाटेल त्याच्या हाती ठेवावयाचे नाहीत. हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याची सोय होती. तात्पर्य, रकमेची फेरतपासणी आणि घेणाऱ्याची ओळख हे दोन पहारेकरी त्या व्यवहारावर उभे असत. आजच्या व्यवहारात हे पहारेकरी कुठे आहेत, हे आपण पाहू.

आपल्या देशात मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस ही पद्धत २००४ साली आली, एनईएफटी २००५ साली आली आणि तत्काळ पैसे पोहोचवणारी आयएमपीएस २०१० साली. आरटीजीएसने किमान दोन लाख रुपये पाठवावे लागतात. एनईएफटीला अशी किमान मर्यादा नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. या पद्धतींनी खात्यावर पैसे पाठवताना कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेकडे जावयाचे, हे यंत्राला ज्या खुणेने कळते ती खूण म्हणजे आयएफएससी, अर्थात इंडियन फायनान्शिअल सिस्टिम कोड.

या संकेताची रचना सोपी आहे. पहिली चार रोमन अक्षरे बँकेची. स्टेट बँकेची ‘एसबीआयएन’, बँक ऑफ महाराष्ट्रची ‘एमएएचबी’. पाचव्या जागी नेहमी शून्य. ती जागा पुढील गरजेसाठी राखून ठेवलेली आहे. शेवटच्या सहा जागा शाखेच्या. तेथे बहुधा अंक असतात, क्वचित अक्षरेही असतात. पुष्कळ लोक पाचव्या जागी शून्याऐवजी रोमन ‘ओ’ लिहितात आणि यंत्र संकेत नाकारते. ही चूक निरुपद्रवी, कारण ती तेथल्या तेथे पकडली जाते. धोका आहे तो दुसऱ्या चुकीत. या संकेतात आकडा चुकल्यास ते ओळखून देणारा तपासणीचा अंक नाही. आधार क्रमांकात शेवटचा अंक याच कामासाठी असतो. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आयबॅन क्रमांकातही तपासणीचे दोन अंक असतात. आपल्या शाखासंकेतात मात्र एक आकडा बदलला तर तो दुसऱ्याच एखाद्या शाखेचा खरा संकेत ठरू शकतो. हुंडीतले ‘निमे आणि दुप्पट’ येथे नाही. ते काम पाठवणाऱ्याच्या डोळ्यांनी करावयाचे आहे.

आता दुसरा पहारेकरी, घेणाऱ्याची ओळख. आपण अर्जावर घेणाऱ्याचे नाव सुवाच्य अक्षरात लिहितो आणि समजतो की बँक ते नाव ताडून पाहील. हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून, केवळ खातेक्रमांकावर विसंबून रक्कम जमा करण्याची मुभा बँकांना दिली आणि खातेक्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर ठेवली. त्यालाही कारण होते. नावे नाना तऱ्हांनी लिहिली जातात. कोणी वडिलांचे नाव लिहितो, कोणी नुसते आद्याक्षर. रोज येणाऱ्या असंख्य रकमांसाठी माणसाने नावे जुळवत बसावे तर कारभारच ठप्प व्हावा. यंत्राला वेग हवा होता, वेगासाठी आकडा हवा होता, आणि आकड्याने नावाला बाजूला सारले. खातेक्रमांक अस्तित्वातच नसेल तर रक्कम परत येते. एनईएफटीत ती ज्या फेरीत गेली ती फेरी पुरी झाल्यापासून दोन तासांत परत पाठवावी असा नियम आहे. पण खातेक्रमांक चुकून दुसऱ्या कोणाचा खराखुरा निघाला तर रक्कम त्याच्या खात्यात जाऊन बसते.

हे उणे भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश दिला की, एनईएफटी व आरटीजीएसने पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहता येईल अशी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत विनामूल्य करावी. खातेक्रमांक आणि शाखासंकेत भरला की बँकेच्या दप्तरातले नाव समोर येते. हुंडीतला शहाजोगपणा असा नव्या वेषात परत आला म्हणावयाचे! मात्र नाव दिसणे निराळे आणि ते आपण वाचणे निराळे. घाईत बटण दाबणाऱ्याला त्या सोयीचा काडीइतकाही उपयोग नाही.

येथे दोन गोष्टी आपल्या प्रांताच्या दृष्टीने विशेष सांगितल्या पाहिजेत. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका पुष्कळ. सारस्वत, कॉसमॉस यांसारख्यांचे संकेत त्यांच्या स्वतःच्या नावाचे आहेत. परंतु काही लहान बँका एखाद्या मोठ्या बँकेच्या आश्रयाने या व्यवस्थेत आल्या आहेत आणि त्यांच्या संकेताची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असतात. तेव्हा बँकेचे नाव आणि अक्षरे जुळली नाहीत एवढ्यावरून लबाडी समजू नये. शाखेत विचारून खात्री करावी. दुसरी गोष्ट विलीनीकरणाची. देना आणि विजया या बँका एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. त्यांचे जुने शाखासंकेत २०२१ साली रद्द झाले. शाखा त्याच रस्त्यावर, कारकून तोच, पण पत्ता बदललेला! म्हणून वर्षानुवर्षे वहीत लिहून ठेवलेला संकेत मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी एकदा ताडून पाहावा. सर्व बँकांच्या शाखासंकेतांची यादी रिझर्व्ह बँक स्वतः प्रसिद्ध करते.

आतापर्यंत चुकीविषयी बोललो, आता फसवणुकीविषयी. ‘बँक विलीन झाली, तुमचा संकेत बदलावयाचा आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी येतो आणि भला माणूस तो आकडा सांगून बसतो. लक्षात ठेवावयाचे ते इतकेच, की शाखासंकेत ही गुप्त गोष्ट नाही. पैसे येण्यासाठी खातेक्रमांक आणि शाखासंकेत पुरतो. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही. जो तो मागतो, तो तुम्हाला पैसे देण्यासाठी मागत नाही. दुसरी युक्ती याहून सफाईदार. ज्या व्यापाऱ्याशी आपला व्यवहार चालू आहे त्याच्याच नावाने पत्र येते की, ‘आमचे खाते बदलले, यापुढे या क्रमांकावर रक्कम भरावी.’ पत्रातला शाखासंकेत खरा असतो, बँक खरी असते, खातेही खरे असते. खोटा असतो तो फक्त खातेदार. संकेत अचूक असणे म्हणजे व्यवहार सुरक्षित असणे नव्हे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

मग करावे काय? नवा खातेक्रमांक कोणत्याही मार्गाने आला, तरी आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर त्या माणसाला दूरध्वनी करून तो त्याच्या तोंडून ऐकावा. शक्य तर त्याच्या रद्द केलेल्या धनादेशावरून क्रमांक उतरवावा. एकाने वाचावा, दुसऱ्याने ताडावा. समोर आलेले नाव वाचावे. मग आधी एक रुपया पाठवावा आणि तो पोहोचल्याचे कळल्यावरच उरलेली रक्कम पाठवावी. बचत खात्यावरून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क लागत नाही. तेव्हा ही परीक्षा फुकटात होते. पाठवल्याचा जो यूटीआर क्रमांक मिळतो तो जपून ठेवावा.

इतके करूनही रक्कम भलत्याकडे गेली तर त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवावे. ज्याच्या खात्यात ती गेली त्याच्या संमतीवाचून बँक सहसा ती काढून घेत नाही. परंतु चुकीने मिळालेला पैसा परत करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम हेच सांगते. फसवणूक झाली असेल तर लाजून घरात बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो अडवता आला तरच हाती लागण्याची आशा असते. येथे प्रत्येक घटकेला मोल आहे.

पूर्वी सावकाराच्या पेढीवर हुंडी वाचणारा मुनीम असे. आज तो मुनीम पेढीवर नाही; प्रत्येकाने आपापल्या व्यवहारापुरते मुनीम व्हावयाचे आहे. अकरा अक्षरे पैशाला शाखेच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. दार कोणी उघडले, हे पाहणे आपल्याकडे आहे. दोन मिनिटांचा उशीर कोणाला भिकेस लावीत नाही, दोन मिनिटांची घाई मात्र लावू शकते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि नुकतेच कमावते झालेल्या मुलांना एवढे आज रात्रीच सांगावे, अशी विनंती आहे.