जुन्या मोटारीची परीक्षा

आपोआप गिअर बदलणारी मोटार तशी जुनीच. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्यें ती व्यवस्था होती. भारतांत मात्र ती सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आली २०१४ सालीं, मारुतीची सेलेरिओ निघाल्यावर. आज अशा मोटारी जुन्या बाजारांत येतात. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडलेला निघाला, तर संसारांतून शिल्लक टाकलेली पुंजी त्यांत जाते.

म्हणून घेणारानें गाडी थंड असतांनाच सुरू करावी. ती आधींच तापवून ठेवली असेल, तर कित्येक दोष झांकले जातात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, म्हणजे तेलाच्या योगानें शक्ति पोंचविणाऱ्या गाडींत ब्रेकवर पाय ठेवून दांडा ‘पी’वरून ‘आर’वर व मग ‘डी’वर न्यावा. क्षणभरांत, धक्का न देतां, पकड बसली पाहिजे. सेलेरिओसारख्या गाडींत साधाच क्लच असून तो पायाऐवजीं यंत्र दाबतें. तेथें गिअर बदलतांना किंचित् हिसका बसणें हा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु कोणत्याही गाडींत चढावर वेग न वाढतां एंजिनच ओरडूं लागलें, तर आंतील पकड घसरते असें समजावें.

कांहीं दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात. यास्तव अर्ध्या तासानें हीच परीक्षा पुन्हां करावी. विकणारा एवढा वेळ देण्यास कांकूं करील, तर व्यवहार तेथेंच थांबविणें शहाणपणाचें.