पंधरा ऑगस्ट : मरियामातेचा सण आणि स्वराज्याचा दिवस

(महोत्सवानिमित्त राहाता येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत देशाच्या राष्ट्रीय दिवसाविषयीं बोलणें कोणास विषयांतर वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. महोत्सव ही कल्पनाच मुळीं मुक्ततेची आहे. जुन्या करारांत लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. त्या वर्षीं शिंग फुंकून देशभर मुक्ततेची दवंडी द्यावयाची, हातची गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत करावयाची, आणि दारिद्र्यामुळें विकल्या गेलेल्या माणसास त्याच्या घरीं पाठवावयाचें, अशी आज्ञा आहे. आपल्यांतील बहुतेकांच्या आज्यापणज्यांस गांवांत जमीन नव्हती व गांवचा पाणवठाही मोकळा नव्हता. त्यांच्या नातवंडांनीं महोत्सव करावा आणि स्वातंत्र्याचा विचार करूं नये, हें कसें घडेल?

आपला स्वातंत्र्यदिन पंधरा ऑगस्टला आला, तो मरियामातेच्या सणाकडे पाहून नव्हे. १९४५ सालीं त्याच दिवशीं जपाननें शरणागति जाहीर केली होती. ती आठवण धरून लॉर्ड माउंटबॅटन यांनीं ही तारीख निवडली. काँग्रेसचा स्वतःचा दिवस निराळाच होता. डिसेंबर १९२९ मध्यें लाहोरास पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, २६ जानेवारी १९३० रोजीं ठिकठिकाणीं प्रतिज्ञा घेण्यांत आली, आणि पुढें वर्षानुवर्षें तोच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. म्हणूनच २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ला अमलांत आली. सांगण्याचा हेतु हा, कीं योगायोगास चमत्कार म्हणण्याची घाई भाविकांनीं करूं नये. योगायोग गोड मानण्यास मात्र हरकत नाहीं.

या तारखेचें आपल्याशीं असलेलें नातें १९४७ हून पुष्कळ जुनें आहे. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर संत इग्नाती व त्यांच्या सोबत्यांनीं आपलीं व्रतें घेतलीं. त्या सोबत्यांत संत फ्रान्सिस झेविअर होते, आणि तेच १५ ऑगस्ट १५४९ रोजीं जपानच्या किनाऱ्यास लागले. त्याच येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु पुढें आपल्या या जिल्ह्यांत आले. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें या जर्मन धर्मगुरूंस शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून अटकेंत ठेविलें आणि मायदेशीं धाडिलें. ज्यानें मुळाक्षरें गिरवून घेतलीं व आजाऱ्यास औषध दिलें, तो एके दिवशीं सरकारचा शत्रु ठरला! राज्य परकें असणें म्हणजे काय, हें आपल्या वडीलधाऱ्यांस सभा-मिरवणुकांपेक्षां या एका गोष्टीनें अधिक कळलें असावें.

सण आणि राष्ट्रीय दिवस एकत्र येणें हें आपलेंच नवल नव्हे. युरोपांतील लिकटेनस्टाइन हें चिमुकलें संस्थान याच दिवशीं राष्ट्रीय दिन पाळतें, आणि कोरियाची जपानी अमलांतून सुटका झाली तीही १५ ऑगस्टलाच, १९४५ सालीं. तेथील कॅथलिक लोकही आपल्यासारखेच सकाळीं मिस्सा व ध्वज दोन्ही सांभाळतात. आपल्या भाषेनें तर या दिवसासाठीं नेमका शब्द दिला आहे. प्रभु येशूचें तें स्वर्गारोहण, कारण तो स्वसामर्थ्यानें वर गेला. मरियामातेचें तें स्वर्गोन्नयन, कारण तिला वर नेण्यांत आलें. ध्वजासही कोणीतरी दोरी ओढावी लागते. पंधरा ऑगस्टला तो खालून वर चढवितात. सव्वीस जानेवारीस तो वरच बांधलेला असतो व नुसता उलगडतात. शाळेंतील मुलांस हा भेद अवश्य सांगावा.

ही दोरी ओढणाऱ्यांत आपले लोक नव्हते, असें कोणी म्हणेल तर त्यास माझगांवच्या माथारपाखाडीचे जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा यांचें नांव सांगावें. ते लोकमान्य टिळकांचे वकील व स्नेही होते, आणि १९१६ सालीं स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. आपल्या जिल्ह्यानेंही आपला वांटा उचलला. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद प्रभृति पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. नेहरूंनीं आपला भारतशोधाचा ग्रंथ तेथेंच लिहिला.

पण स्वातंत्र्य सर्वांस एकाच सकाळीं मिळालें नाहीं. गोदावरीपलीकडचा वैजापूर तालुका निजामाच्या राज्यांत होता. तेथल्या सोयऱ्याधायऱ्यांस १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. गोव्यांतील आपल्या धर्मबंधूंस तर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

आणि एक वाट पाहणें आपल्या घरांतलें आहे. तें आज सणाच्या दिवशींही झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा हेही सभासद होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनीं राखीव जागांचा आग्रह सोडून देशबांधवांच्या सद्भावावर विश्वास टाकिला. त्यानंतर १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानें अनुसूचित जातींच्या सवलती धर्मावर बांधिल्या. १९५६ सालीं शीखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. एकाच वाड्यांतील दोन चुलतभावांपैकीं एकास शिष्यवृत्ति मिळते व दुसऱ्यास नाहीं, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. गांवानें मात्र दोघांची जात सारखीच ध्यानांत ठेविली आहे. हें सांगण्यांत देशद्रोह नाहीं. घर आपलें आहे म्हणूनच त्याची गळती आपण दाखवितों.

तेव्हां आमची विनंति इतकीच. पंधरा ऑगस्टच्या मिस्साची वेळ आणि शाळेच्या ध्वजवंदनाची वेळ यांचा मेळ घालावा, म्हणजे मुलांची ओढाताण होणार नाहीं. मध्यस्थीच्या प्रार्थनांत देशाच्या राज्यकर्त्यांसाठीं एक व या अडलेल्या न्यायासाठीं एक, अशा दोन विनवण्या असाव्या. आणि हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस निघण्यापूर्वीं, घरांतील वृद्धांस स्वराज्य आलें तेव्हांचें जें कांहीं आठवत असेल, किंवा त्यांनीं आईबापांकडून ऐकिलें असेल, तें तरुणांनीं वहींत उतरून घ्यावें व ती वही धर्मगुरूंच्या स्वाधीन करावी.