हक्क की मेहेरबानी? : ब्रिटनमधील भाडेकरूंचा धडा



कल्याणकारी राज्याची कसोटी केवळ अर्थसंकल्पातील आकड्यांनी लागत नाही. नागरिकाला मदत हक्क म्हणून मिळते की मेहेरबानी म्हणून, यावर ती लागते. या दृष्टीने ब्रिटनमधील भाडेकरूंचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील स्थानिक परिषदांनी लाखो घरे बांधून श्रमिकांना माफक भाड्याने दिली. १९८० च्या कायद्याने थॅचर सरकारने भाडेकरूंना ती सवलतीच्या किमतीत विकत घेण्याची मुभा दिली. विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी घरे उभी राहिली नाहीत. घरबांधणीवरील खर्च आटला आणि भाड्यासाठीच्या साहाय्यावरील, म्हणजे 'हाउसिंग बेनिफिट'वरील, खर्च फुगत गेला. विटांवर खर्च होणारा सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणात घरमालकांकडे वाहू लागला. पुढे हा खर्च झेपत नाही अशी ओरड झाली, तेव्हा कात्री लागली ती भाडेकरूच्या साहाय्याला.

एप्रिल २०१३ पासून सामाजिक मालकीच्या घरांतील कमावत्या वयाच्या भाडेकरूंकडे एक खोली 'जादा' ठरली, तर भाड्याच्या १४ टक्के आणि दोन वा अधिक ठरल्या, तर २५ टक्के साहाय्य कापले जाऊ लागले. लोकांनी याला 'बेडरूम टॅक्स' असे नाव दिले. समजा, आठवड्याचे भाडे ८० पौंड असेल, तर एका खोलीपायी ११ पौंड २० पेन्स पदरचे भरावे लागतात. लहान घरात जा, असा उपदेश झाला. पण अनेक गावांत लहान घरे होतीच कुठे? पुढे 'युनिव्हर्सल क्रेडिट' या एकत्रित मदतीतही हाच नियम उतरला.

या जखमेवर मलमपट्टी म्हणून स्थानिक परिषदांच्या विवेकाधीन गृहसाहाय्याकडे बोट दाखवण्यात आले. ही योजना २००१ पासूनची. २०१३-१४ साली तिच्यासाठी केंद्र सरकारने १८ कोटी पौंड दिले. या मदतीने कित्येकांची घरे वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचे स्वरूप काय? ती बहुधा ठरावीक मुदतीची. मुदत संपली की पुन्हा अर्ज. परिषदेने नकार दिला तर फेरविचार मागता येतो, स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. कपात कायद्याने निश्चित आणि भरपाई मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर, असा हा उफराटा न्याय आहे.

न्यायालयातही सरकारने याच निधीची ढाल पुढे केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन कुटुंबांच्या बाबतीत ती मान्य केली नाही. एका घरात अपंगत्वामुळे पत्नीला वेगळी खोली आवश्यक होती. दुसऱ्यात अपंग मुलासाठी रात्री शुश्रूषक लागत होता. येथे भेदभाव झाला, असा निर्णय न्यायालयाने दिला. इतर काही अर्जदारांच्या पदरी मात्र निराशा आली.

स्कॉटलंडने निराळी वाट धरली. तेथील सरकारने २०१४ पासून 'बेडरूम टॅक्स'ची झळ पूर्ण भरून निघेल इतका निधी परिषदांना देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, राजकीय इच्छाशक्तीची होती. तरीही तेथील भाडेकरूलाही अर्ज करावाच लागे. इंग्लंडमध्ये हे साहाय्य एप्रिल २०२६ पासून संकटनिवारणाच्या एका व्यापक निधीत विलीन करण्याचे २०२५ साली जाहीर झाले. निधीचे नाव बदलले म्हणून त्याला हक्काचे रूप येत नाही.

कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ज्याच्या दारात घर खाली करण्याची नोटीस आली आहे, त्याला सिद्धांत सांगून चालत नाही. त्याचा अर्ज भरून देणे, नकार आल्यास फेरविचारासाठी भांडणे, हे पहिले काम. पण तेवढ्यावर समाधान मानले, तर चळवळीचे धर्मादाय कचेरीत रूपांतर होईल. अर्ज भरता भरता कपातीचा कायदाच रद्द करण्याची आणि सार्वजनिक मालकीची घरे पुन्हा बांधण्याची मागणी लावून धरली पाहिजे. मेहेरबानीने आजचे भाडे भागते. उद्याचे छप्पर हक्कानेच टिकते.